एका पूर्वजाची हकालपट्टी

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त उभ्या उभ्या निकालात काढला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, तसे कुठे लिहूनही ठेवलेले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडले, वरिष्ठ मंत्र्यांनीही त्यांना आवरते घ्यायला सांगितले, समाजमाध्यमांवर यथेच्छ थट्टा झाली आणि विषय मागे पडला. सिंह हे मुंबईचे माजी पोलिस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतानाही परिस्थितीजन्य पुराव्यावर गुन्हे शाबीत होतात, हे त्यांना सांगावे लागावे याचे नवल वाटते. पण थट्टा करणाऱ्यांना तरी कोणी विचारले असते की, बुवा, मग तुमच्याकडे पुरावा काय आहे, तर काय उत्तर मिळाले असते? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. डावीकडे वाकलेले माकड, उजवीकडे ताठ चालणारा माणूस आणि मधे चढत्या भाजणीने चार-पाच जण. हे चित्र पुरावा नव्हे, आणि खरे सांगायचे तर ते बरोबरही नाही. ज्याने पाहिले नाही म्हणून नाकारले आणि ज्याने हे चित्र पाहिले म्हणून स्वीकारले, त्या दोघांनाही जीवाश्म काय सांगतात आणि ते कसे तपासले जाते, याचा पत्ता नसतो. मानवी उत्क्रांतीची बाजू मांडायची तर विजयाच्या यादीऐवजी एका फसलेल्या पूर्वजापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तो पूर्वज भारतात सापडला, रामाच्या नावाने ओळखला गेला आणि वीसेक वर्षे मानवाचा मूळपुरुष म्हणून मिरवून पायउतार झाला.

आधी शाळेत काय चालते ते पाहू. एनसीईआरटीने अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातला दुसरा शब्द आणि त्याबरोबरचा मजकूर काढून टाकला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती अजून आहे, पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे वळणाऱ्या मुलाची तिच्याशी कधी गाठच पडणार नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाने हे केले नाही. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे आणि त्यात मानवाच्या उत्क्रांतीलाही जागा दिली आहे. याबद्दल मंडळाचे कौतुक करायला हवे. फक्त त्या पुस्तकात मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून ज्याचे नाव येते तो रामापिथेकस आहे, आणि रामापिथेकसला या पदावरून काढून पुस्तक छापले तेव्हा पस्तीसहून अधिक वर्षे झाली होती. एकाने धडा गाळला, दुसऱ्याने शिळा वाढला. दोन्हीकडे मुलाच्या हाती पुरावा पडत नाही. एकीकडे त्याला काहीच सांगितलेले नसते, दुसरीकडे एक नावांची माळ दिलेली असते आणि ती पाठ करून दोन गुण मिळवायचे असतात.

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या पाकिस्तानी पंजाबातल्या पोतवार पठारापासून पूर्वेकडे पसरल्या आहेत. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे आणून टाकलेला गाळ, वाळू आणि गोटे यांचे हे थर आहेत आणि त्यांत नाना प्रकारच्या जनावरांची हाडे दगड होऊन पडली आहेत. १९३२ मध्ये येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस हा तरुण संशोधक तेव्हाच्या बिलासपूर संस्थानातल्या, आता हिमाचल प्रदेशात असलेल्या, हरितल्यांगर गावाजवळ हिंडत होता. तिथे त्याला वरच्या जबड्याचा उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला. तुकडा तळहाताच्या खोबणीत मावेल एवढा. त्यात मोजके दात, दोन उपदाढा आणि दोन दाढा, आणि पुढे सुळ्याच्या मुळाची खूण. दाढा बसक्या, मुलामा जाड, सुळा लहान असावा असे दाखवणारी खोबण आणि चेहरा पुढे फारसा आलेला नसावा असा अंदाज देणारी ठेवण. १९३४ मध्ये लुईसने त्याला रामापिथेकस असे नाव दिले आणि हा प्राणी मानवाच्या वाटेवरचा असावा, असे सुचवले. शिवालिकच्या वानरांना हिंदू देवादिकांची नावे देण्याची तेव्हा पद्धतच होती. शिवापिथेकस आधीच होता, ब्रह्मदेवाचा आणि सुग्रीवाचाही पिथेकस झाला. लुईसचे म्हणणे त्या काळच्या जाणत्यांनी फारसे मनावर घेतले नाही आणि तो तुकडा येलच्या संग्रहालयात पडून राहिला.

१९६१ मध्ये एल्विन सायमन्स या येलच्याच जीवाश्मतज्ज्ञाने तो पुन्हा हाती घेतला आणि रामापिथेकसचे दिवस पालटले. वानरांच्या दातांच्या रांगा दोन्ही बाजूंना साधारण समांतर असतात, माणसाच्या मात्र मागे पसरत जाणाऱ्या कमानीसारख्या. सायमन्सने तुकड्यावरून टाळूची कमान माणसासारखी असल्याचे दाखवले. केनियातल्या फोर्ट टर्नन इथे लुई लीकी यांना मिळालेला, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा एक जबडाही त्याने याच गोत्रात घातला. पुढे डेव्हिड पिलबीम त्याला येऊन मिळाले. दोघांनी मांडलेला युक्तिवाद ऐकायला छान होता. सुळे लहान झाले, म्हणजे दातांनी लढण्या-फाडण्याची गरज उरली नसावी. ती नसावी, म्हणजे हातात हत्यारे आली असावीत. हात मोकळे असावेत, म्हणजे प्राणी दोन पायांवर चालत असावा. पायाचे एक हाड हाती नसताना रामापिथेकस चालू लागला, आणि पुस्तकांतून, तक्त्यांतून, संग्रहालयांच्या भिंतींवरून चालतच राहिला. शितावरून भाताची परीक्षा करणे हा जीवाश्मविद्येचा रोजचा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण टाळूच्या कमानीचा मधला भागच तुकड्यात नव्हता. डावी बाजू नव्हती. मधली रेघ कुठे धरायची यावर कमान रुंद होणार की अरुंद हे ठरत होते आणि ती रेघ मनाने धरलेली होती. इथेच घोडे पेंड खाते.

पहिला धक्का हाडांच्या दुनियेबाहेरून आला. १९६७ मध्ये बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. एका प्राण्याच्या अल्ब्युमिनवर तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्राण्याच्या अल्ब्युमिनला किती जोराने ओळखतात, यावरून दोघांमधले अंतर मोजता येते. शेपटीवाली माकडे आणि बिनशेपटीची वानरे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे धरले, तर माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या वाटा फुटून जेमतेम ५० लाख वर्षे झाल्याचा हिशेब निघत होता. म्हणजे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी मानवाचा वेगळा पूर्वज असण्याचा प्रश्नच नव्हता. सॅरिच तर यापुढे जाऊन म्हणू लागले की, इतका जुना जीवाश्म दिसायला कसाही असला तरी तो मानवाच्या शाखेतला असू शकत नाही. हाडांवर आयुष्य घालवलेल्या लोकांना हे उद्धट वाटले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जंगलात कधी न गेलेला माणूस परीक्षानळी दाखवून तुमच्या हातातला दगड खोटा म्हणतो आहे! दहा-पंधरा वर्षे दोन्ही बाजू एकमेकींचे ऐकायला तयार नव्हत्या.

वाद मिटला तो बहुमताने नव्हे, कोणाच्या अधिकारानेही नव्हे. पिलबीम स्वतः पोतवार पठारावर वर्षानुवर्षे मोहिमा काढत होते आणि तिथे शिवापिथेकसचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला. जबड्याच्या तुकड्याऐवजी आता डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा तळ, गालाची हाडे समोर होती. डोळ्यांच्या खोबणी उंच आणि लंबगोल, दोहोंतले अंतर अगदी कमी, नाकाचा भाग मधे दबलेला. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत असा चेहरा एकाचाच आहे, बोर्निओ-सुमात्राच्या ओरांगउटानचा. तुर्कस्तानात मिळालेला चेहराही तेच सांगत होता. दाढा जुळवून पाहिल्यावर रामापिथेकस आणि शिवापिथेकस यांच्यात फरक करण्याजोगे काही उरले नाही. लहान सुळ्यांचे जबडे बहुधा त्याच जातीतल्या माद्यांचे होते. १९८२ मध्ये पिलबीम यांनी हे प्रसिद्ध केले. रामापिथेकसला मानवाचा पूर्वज म्हणून ज्यांनी उचलून धरले होते, त्यांनीच त्याला खाली उतरवले. गोष्ट इथेही गुळगुळीत संपत नाही. पुढे शिवापिथेकसच्या दंडाची हाडे मिळाली, ती ओरांगउटानच्या हाडांशी नीट जुळेनात, आणि चेहऱ्याने सांगितलेले नाते किती जवळचे यावर पुन्हा चर्चा सुरू झाली. पण मानवाच्या वाटेवर तो प्राणी नाही, याबद्दल आता दुमत नाही. सॅरिच-विल्सन यांचा आकडाही तसाच राहिला नाही. डीएनएचे अक्षर न् अक्षर वाचता येऊ लागल्यावर माणूस आणि चिंपांझी यांची फारकत आणखी काही लाख वर्षे मागे गेली, एवढेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. शास्त्रज्ञ आज एक म्हणतात, उद्या दुसरे, मग आज जे सांगतात त्यावर तरी का विश्वास ठेवायचा? या आक्षेपाबरोबर हटकून पिल्टडाउनचे नाव निघते. १९१२ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मिळाल्याचे सांगितले गेलेले ते अवशेष म्हणजे माणसाची कवटी आणि कानशीने दात घासून बसवलेला ओरांगउटानचा जबडा अशी चक्क बनवाबनवी होती. (ओरांगउटानने या शास्त्राला दोनदा गंडवले, त्यातल्या पहिल्या खेपेला बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.) फसवणूक उघड झाली १९५३ मध्ये, चाळीस वर्षांनी, ही शरमेचीच गोष्ट आहे. मात्र ती कोणी उघड केली? धर्मपीठाने नाही, वर्तमानपत्राने नाही. जमिनीत पडलेल्या हाडात फ्लोरिन किती मुरते याची चाचणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी केली. आणि त्यांना संशय आला तो मुख्यतः एका गोष्टीमुळे. तोवर आफ्रिकेत आणि आशियात जे जे मिळाले होते त्यात मेंदू लहान आणि दात माणसाकडे झुकणारे दिसत होते. पिल्टडाउनमध्ये मेंदू मोठा आणि जबडा वानराचा. बाकी सारे साक्षीदार एक सांगत असताना हा एकटाच उलटे बोलत होता. खोटा जीवाश्म खऱ्यांच्या गर्दीत टिकत नाही, कारण खरे एकमेकांशी बांधलेले असतात. मत बदलण्याचा आक्षेप घेणाऱ्याने एवढेच पाहावे की मत कशामुळे बदलले आणि कोणत्या दिशेने. रामापिथेकस गेला म्हणून माणूस वानरांपासून वेगळा निर्माण झाल्याचा निष्कर्ष निघाला नाही. उलट आपले आणि चिंपांझीचे नाते आपण समजत होतो त्याहून बरेच जवळचे निघाले.

दुसरा आक्षेप जास्त मुरब्बी आहे. जीवाश्माचे वय खडकावरून ठरवता आणि खडकाचे वय जीवाश्मावरून, म्हणजे हे सारे तुमचे तुम्हीच ठरवलेले, असे तो म्हणतो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत ज्वालामुखींची राख वेळोवेळी पडली आणि तिचे थर गाळाच्या थरांमधे बसले, हे आपले नशीब. राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, तो ठरावीक गतीने अर्गॉन वायूत बदलत जातो. वितळलेल्या अवस्थेत जुना अर्गॉन उडून गेलेला असतो, म्हणून आत किती साठला हे मोजले की राख कधी पडली ते कळते. यात जीवाश्माचा काही संबंध नाही. पण यंत्रही चुकते, आणि चुकले तर कोण सांगणार? १९७२ मध्ये केनियात तुर्काना सरोवराच्या पूर्वेला रिचर्ड लीकी यांच्या पथकाला ‘१४७०’ या नोंदणी क्रमांकाने प्रसिद्ध झालेली कवटी मिळाली. तिच्या वरच्या राखेच्या थराचे वय प्रयोगशाळेने २६ लाख वर्षांच्या आसपास काढले होते, म्हणजे कवटी त्याहून जुनी. मोठ्या मेंदूचा इतका जुना मानव म्हणून जगभर गाजावाजा झाला. फक्त डुकरांच्या दाढा ऐकेनात. उत्तरेला इथिओपियातल्या ओमो नदीच्या खोऱ्यात रानडुकरांच्या जातींची दाढ काळागणिक कशी लांबत गेली, याचा तपशीलवार हिशेब मांडलेला होता. तुर्कानाच्या त्याच थरातली डुकरे त्या हिशेबाने निदान सहा-सात लाख वर्षांनी तरुण दिसत होती. भांडण काही वर्षे चालले. शेवटी राखेत आधीच्या काळातले जुने स्फटिक मिसळले गेल्याचे ध्यानात आले, वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी नव्याने मोजणी केली आणि थराचे वय सुमारे १९ लाख वर्षे ठरले. रामापिथेकसच्या वेळी प्रयोगशाळेने हाडांना सुधारले होते, इथे हाडांनी प्रयोगशाळेला. दोन्ही साक्षी एकाच हाताने लिहिलेल्या असत्या तर अशी खडाजंगी झालीच नसती.

मग इतक्या तपासण्यांतून टिकून काय राहिले? एक गोष्ट तर ठामपणे राहिली आणि ती कोणी आधी कल्पिलेल्या क्रमाच्या उलटी आहे. पिल्टडाउन इंग्रज पंडितांना गोड वाटला, कारण माणूस आधी शहाणा झाला आणि मग ताठ चालू लागला, असे त्यांना मनापासून वाटत होते. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतून एका बाळाची कवटी रेमंड डार्ट यांच्या हाती आली. मेंदू वानराएवढा, पण मज्जारज्जू बाहेर पडण्याचे भोक कवटीच्या मागे नसून खाली, पुढच्या बाजूला सरकलेले, म्हणजे डोके ताठ कण्यावर तोललेले. डार्टनी पुढच्याच वर्षी ते प्रसिद्ध केले आणि लंडनने ते वानराचे पिल्लू म्हणून झटकून टाकले. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहानसन यांना ‘ल्यूसी’ मिळाली. ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एकाच मादीच्या सांगाड्याचा ४० टक्के भाग. ओटीपोटाचे हाड रुंद आणि बसके, मांडीचे हाड गुडघ्याकडे आत कललेले, अगदी आपल्यासारखे. तिच्या जातीचा मेंदू मात्र साधारण ४५० घन सेंटिमीटर, आपला १३५०च्या आसपास. आणि हाडांवर विश्वास नसेल त्याच्यासाठी टांझानियातले लेटोली आहे. तिथे सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला आणि त्या ओल्या राखेतून काही जण चालत गेले. राख नंतर सिमेंटसारखी घट्ट झाली. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या पथकाने ती वाट उकरली. पावसाच्या थेंबांचे वण आहेत, हरिणांच्या आणि हत्तींच्या खुणा आहेत आणि त्यांच्यामधून २७ मीटर गेलेली पावलांची ओळ आहे. टाच आधी टेकलेली आणि खोल रुतलेली. अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. चिंपांझीचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकतो, इथे तो फाकलेला नाही. हाताच्या ठशांचा मागमूस नाही. आजवर मिळालेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांची आहेत, म्हणजे ही पावले त्यांच्याही आधीची. हत्यारांमुळे माणूस उभा राहिला हा रामापिथेकसच्या वकिलांचा युक्तिवाद त्या राखेने निकालात काढला. पाय आधी, मेंदू फार नंतर. कोणी पाहिले का, असे विचारणाऱ्याला इथे काय उत्तर द्यायचे? चालणारे पाहिले नाहीत, त्यांची पावले पाहिली.

‘मधला दुवा दाखवा’ ही मागणी मला नेहमीच थोडी लबाड वाटते. दोन जीवाश्मांच्या मधे तिसरा ठेवला की मागणारा म्हणतो, आता दोन फटी झाल्या, त्या भरा. खरी कसोटी वेगळी आहे. माणूस आणि वानर हे पूर्णपणे वेगळे निर्माण झाले असतील, तर कोणतीही कवटी घ्या, ती एका बाजूची असली पाहिजे आणि कोणती ते सहज सांगता आले पाहिजे. उत्क्रांती नाकारणाऱ्या अमेरिकी लेखकांनी हे काम करून पाहिले आहे आणि त्यांचे एकमत होत नाही. जावा बेटावर १८९१ मध्ये यूजीन द्युबोआ यांना मिळालेल्या कवटीला त्यांच्यातला एक निव्वळ वानर म्हणतो, दुसरा निव्वळ माणूस. १४७० क्रमांकाच्या कवटीचीही तीच गत. मधले काही नसतेच, असे म्हणणाऱ्यांचीच जिथे मते फुटतात, ती कवटी मधली असते. यालाच जोडून, माणूस माकडापासून झाला तर माकडे अजून कशी, हा प्रश्न. आजची माकडे आपले पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत, आणि चुलतभाऊ हयात असल्याने कोणाचे आजोबा खोटे ठरत नाहीत. तक्त्यावरची ती चढती रांगसुद्धा याच गैरसमजाला खतपाणी घालते. दक्षिण आफ्रिकेच्या ‘रायझिंग स्टार’ गुहेतला होमो नलेडी लहान मेंदूचा होता, पण तो ३ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, म्हणजे मोरोक्कोतल्या जबल इरहूदला आपल्यासारख्या चेहऱ्याची माणसे वावरत होती त्याच सुमाराला, जगत होता. निअँडरथल तर आपल्याच घरात आले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या, म्हणजे आपल्याही, डीएनएत त्यांचा जवळजवळ दोन टक्के वाटा आहे. अशा गोतावळ्याला रांगेत उभे करताच येत नाही.

रामापिथेकस गेल्यावर भारताच्या हाती काय राहिले, असे वाटू शकते. योगायोग असा की, ज्या १९८२ साली त्याचे पद गेले त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या हथनोरा इथे मानवाच्या कवटीचा मोठा भाग मिळाला. आधी तिला होमो इरेक्टस म्हटले गेले, पुढे इतरांनी तिला आपल्या अधिक जवळची ठरवले आणि एकट्या कवटीवर हा वाद मिटण्यासारखा नाही. महाराष्ट्राबद्दल विचाराल तर सह्याद्रीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, त्यात मानवाचे हाड शोधणे व्यर्थ. आपल्याकडे बोलतात ते दगड. नेवाशाला प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलियांनी आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या गोट्यांमधून जी अश्मयुगीन हत्यारे वेचली, ती करणारे हात इथेच वावरत होते. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमला तर अशी हत्यारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. हाडे का मिळत नाहीत याची कारणे मातीत आणि हवामानात आहेत, तशीच ती शोधणाऱ्यांच्या तुटपुंज्या संख्येतही आहेत. हथनोरानंतर चाळीस वर्षांत नर्मदेच्या खोऱ्यात जेवढे खणायला हवे होते त्याच्या पासंगालाही आपण पुरलो नाही, आणि प्राचीन विज्ञानाच्या गौरवावर मात्र संमेलने भरतात.

या गौरवातूनच येणारा एक आक्षेप आपल्या घराघरांत ऐकू येतो आणि तो विरोधाच्या नव्हे, मान्यतेच्या सुरात असतो. उत्क्रांती आमच्या दशावतारात आधीच सांगितली आहे, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा तोच क्रम नाही का? ऐकायला बरे वाटते आणि डार्विनशी भांडणही टळते. पण मासा आधी आणि माणूस नंतर एवढ्याने काही सिद्ध होत नाही. लेटोलीच्या राखेत जर अंगठा फाकलेला निघाला असता, तर ताठ चालण्याविषयीचे सगळे म्हणणे कोसळले असते. ३६ लाख वर्षांच्या त्या थराखाली उद्या आपल्यासारख्या माणसाची कवटी मिळाली तर आजही कोसळेल. काय सापडले असते तर दशावतार चुकीचे ठरले असते? काहीच नाही, आणि ठरूही नयेत, ती कथा त्यासाठी रचलेलीच नाही. भाविकाने तिच्यात जे पाहायचे ते पाहावे. तिला जबड्याच्या तुकड्याशेजारी साक्षीला उभे केले तर तिचाही मान राहत नाही. माणसाला जनावरांच्या नात्यात बसवले की माणुसकी घसरते, ही भीतीसुद्धा अशीच. नाते न मानणाऱ्या शतकांनी माणसाला माणूस म्हणून किती वागवले, हे जातींच्या उतरंडीत राहणाऱ्या समाजाला वेगळे सांगायला नको.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. राज्यात नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तके हे चक्र आता फिरू लागले आहे. कोणीतरी जाणकार रामापिथेकसचे ते वाक्य दाखवून देईल, समिती ते गाळेल आणि त्याजागी चाडमध्ये २००१ साली मिळालेल्या, ७० लाख वर्षे जुन्या साहेलान्थ्रोपसचे नाव टाकेल. मुले ते पाठ करतील. वर्गात पंचावन्न मुले आणि हाती सात तासिका असलेल्या शिक्षकाला यापेक्षा जास्त काय जमणार, असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. पण साहेलान्थ्रोपस दोन पायांवर चालत होता की नाही, यावर त्याच्या मांडीच्या हाडावरून आजही जोरात वाद चालू आहे, आणि उद्या त्याचाही निकाल फिरला तर पुस्तक पुन्हा तितकेच शिळे होईल. म्हणून माझी सूचना उलटी आहे. रामापिथेकसला गाळू नका. ते वाक्य तसेच राहू द्या आणि त्याच्याखाली अर्ध्या पानात हरितल्यांगरच्या तुकड्याचे चित्र, तुटलेल्या कडेसकट, छापा. कमानीची मधली रेघ कुठे धरायची हे मुलांना पेन्सिलीने आखायला सांगा, दोन बाकांवरच्या दोन मुलांच्या रेघा वेगळ्या येतील. मग १९६७चे अल्ब्युमिन आणि १९८२चा पोतवारचा चेहरा यांना चार-चार ओळी द्या, आणि हा प्राणी मानवाचा पूर्वज आहे असे आधी का वाटले व नंतर का वाटेनासे झाले, हा प्रश्न परीक्षेत पाच गुणांना विचारा.